वायपर का थांबला?



मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याच्या आधीच शेतकरी पाभर, कुळव, जू, दोर बघून ठेवतो. घर शाकारून घेतो, बियाणे काढून ठेवतो. पण दारात उभी असलेली जीप, टेम्पो किंवा वडापची गाडी हिच्याकडे त्या दिवसांत फारसे कोणी पाहात नाही. पाहिलेच तर टायर पाहतात, ब्रेक पाहतात. समोरच्या काचेवरचे ते दोन हात, ज्यांना आपण वायपर म्हणतो, ते आठ महिने काचेला चिकटून पडलेले असतात. त्यांची आठवण होते ती थेट पहिल्या सरीला, आणि तीही पुष्कळदा घाटात.

घाटात वायपर बंद पडणे म्हणजे काय, हे आंबोली, माळशेज, कुंभार्ली, वरंधा या वाटांनी पावसाळ्यात गेलेल्या माणसाला सांगायला नको. एकट्या आंबोलीला वर्षाकाठी साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. असा पाऊस काचेवर आला आणि वायपर थांबला, की पाच-सहा पळांत चालक आंधळा होतो. मागे बसलेली शाळेची मुले असोत की दवाखान्यात न्यायचा रोगी असो, सर्वांचा जीव त्या हातभर लांबीच्या रबरी पट्टीवर अवलंबून असतो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत वायपरसाठी वेगळा नियम केलेला आहे.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या वायपरच्या विजेच्या बिघाडाविषयी. बिघाड दुरुस्त करणे हे कारागिराचे काम खरे. पण बिघाड नेमका कोठे आहे हे शोधणे, हे काम नीट विचार करणारा कोणीही माणूस करू शकतो. त्याला लागते एक लहान बल्ब, दोन वायरी आणि थोडा धीर. हा शोध न घेता जो खर्च होतो, तो बहुधा चुकीच्या वस्तूवर होतो.

प्रथम या यंत्राची ओळख करून घेऊ. काच पुसण्याची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईंना १९०३ साली तिचे पेटंट मिळाले. त्यांच्या साधनात विजेचा संबंध नव्हता. चालकाने आतून एक दांडा हलवायचा आणि बाहेर रबर लावलेला हात काचेवरून फिरायचा. पुढे कित्येक गाड्यांत इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे निर्वातावर, चालणारे वायपर आले. त्यांची गंमत अशी, की चढावर गाडीला जोर द्यावा तसा वायपर मंदावत असे. म्हणजे नेमका जिथे हवा तिथेच तो दगा देई. विजेची मोटर आली आणि ती अडचण गेली. पण विजेबरोबर विजेचे रोगही आले.

आता विजेची वाट पाहू. बॅटरीच्या प्लस टोकापासून प्रवाह निघतो. तो चावीच्या स्विचमधून फ्यूजकडे येतो, फ्यूजमधून स्टिअरिंगजवळच्या वायपरच्या स्विचकडे जातो, आणि तेथून मोटरकडे. काही गाड्यांत मध्ये रिले नावाची एक डबी असते. मोटरमधून निघालेला प्रवाह मोटरच्या धातूच्या अंगातून, किंवा एका वायरमधून, गाडीच्या पत्र्यात उतरतो आणि पत्र्यामार्गे बॅटरीच्या मायनस टोकाला परत येतो. या परतीच्या वाटेला आपण अर्थ म्हणतो.

शेतकरी बंधूंना ही गोष्ट पाटाच्या पाण्यावरून लवकर ध्यानात येईल. विहिरीवरचा पंप चालू आहे, पण खालच्या वाफ्यात पाणी पोचत नाही. अशा वेळी आपण पंप खोलत बसत नाही. खांद्यावर फावडे टाकून पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाट कोठे फुटला ते पाहतो. विजेचेही तसेच. मात्र एक फरक पक्का लक्षात ठेवा. पाणी वाफ्यात गेले की आपले काम झाले. ते विहिरीत परत यावे लागत नाही. विजेला परत यावेच लागते. जाण्याची वाट चांगली आणि येण्याची वाट तुटलेली, तरीही मोटर फिरणार नाही. वायपरचे कित्येक रोग या परतीच्या वाटेवर असतात, आणि तिकडेच कोणाचे लक्ष जात नाही.

शोधाची पहिली पायरी म्हणजे कान. चावी चालू करा, इंजिन बंद ठेवा, काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि वायपरचा स्विच लावा. कोरड्या काचेवर वायपर चालवू नये. त्याने रबर फाटते आणि मोटरवर विनाकारण भार पडतो. आता ऐका.

मोटरचा आवाज येतो, पण हात हलत नाहीत, असे झाले तर विजेला दोष देऊ नका. मोटर आणि हात यांना जोडणारी लोखंडी काडी, म्हणजे लिंक, निसटली असेल, किंवा हाताच्या बुडाशी असलेला नट सैल झाला असेल. पाना लावून तो आवळला की काम होते.

आवाजच नाही, सगळे शांत आहे, तर प्रवाह मोटरपर्यंत जात नाही, किंवा मोटरमधून परत येत नाही, किंवा मोटरच आतून तुटली आहे. या तिन्हींपैकी कोणते, ते पुढे पाहू.

मोटर कण्हते, हात दोन बोटे हलून थांबतात, किंवा म्हाताऱ्या बैलासारखे रेंगाळतात, तर एक तर कोठेतरी जाम आहे किंवा विजेचा दाब वाटेत गळतो आहे.

या तीन प्रकारांत बहुतेक दुखणी येतात. वैद्य जसा नाडीला हात लावण्याआधी रोग्याला चार प्रश्न विचारतो, तसेच हे आहे.

आता हत्यार तयार करू. बारा व्होल्टच्या गाडीसाठी बारा व्होल्ट, पाच वॅटचा एक लहान बल्ब घ्या. त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी जोडा. एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला टोकदार खिळा किंवा जाड सुई. गॅरेजमध्ये याला टेस्ट लँप म्हणतात. ट्रक आणि मोठ्या बसगाड्या बहुधा चोवीस व्होल्टच्या असतात. त्यांच्यासाठी बल्बही चोवीस व्होल्टचाच हवा. वापरण्यापूर्वी बल्बाचीच परीक्षा घ्या. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरे मायनसला लावले की तो लखलखीत पेटला पाहिजे. हा उजेड डोळ्यांत साठवून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी याच उजेडाशी तुलना करायची आहे.

काम करताना दोन पथ्ये पाळा. वायपरच्या लिंकेजमध्ये बोट घालायचे असेल तेव्हा आधी फ्यूज काढून खिशात ठेवा. बंद पडलेली मोटर वायर हलताच एकाएकी फिरू लागते, आणि तिच्यात बोट मोडण्याइतका जोर असतो. दुसरे असे, की बॅटरीजवळ काम करताना हातातली अंगठी, कडे, धातूचे घड्याळ उतरवून ठेवावे.

आता वाटेने चालू. पहिला थांबा फ्यूज. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा, हे छापलेले असते. आजकालच्या चपट्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. चिमटा पत्र्यावरच्या स्वच्छ बोल्टाला लावा, चावी चालू करा आणि खिळ्याचे टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्हीकडे बल्ब पेटला तर फ्यूज चांगला आहे. एकीकडे पेटला आणि दुसरीकडे नाही, तर फ्यूज उडालेला आहे. दोन्हीकडे पेटला नाही, तर प्रवाह फ्यूजपर्यंतच आलेला नाही. मग चावीच्या स्विचकडे पाहावे लागेल.

फ्यूज उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा लावा. या चपट्या फ्यूजना रंगाची खूण असते: दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. पंधराच्या जागी तीसचा लावणे किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून बसवणे, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. फ्यूज हा गावच्या जागल्यासारखा असतो. तो ओरडला म्हणून त्याचे तोंड बांधले तर चोर जात नाही. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायरीबरोबर गाडीही.

नवा फ्यूजही उडाला तर काय करावे? मोटरचा प्लग काढून टाका आणि आणखी एक फ्यूज लावून स्विच चालू करा. आता फ्यूज टिकला, तर दोष मोटरमध्ये किंवा तिने ओढायच्या ओझ्यात आहे. तरीही उडाला, तर मोटर निर्दोष आहे. वाटेत कोठेतरी वायरीचे आवरण सोलून ती पत्र्याला टेकली आहे. पाहा, एक प्लग काढल्याने अर्धे रान मोकळे झाले.

ही अर्धे-अर्धे करण्याची रीत फार मोलाची आहे. बॅटरीपासून एकेक वीत तपासत जाण्याऐवजी वाटेच्या मध्यावर उभे राहावे आणि विचारावे, वीज इथपर्यंत आली का? आली असेल तर मागचा सगळा भाग सोडून द्यावा. आली नसेल तर पुढच्या भागाला हात लावू नये. वायपरच्या बाबतीत ही मध्यावरची जागा म्हणजे मोटरचा प्लग.

तेव्हा फ्यूज चांगला असेल तर थेट मोटरकडे जा. बहुतेक गाड्यांत ती समोरच्या काचेच्या बुडाशी, बॉनेटच्या मागच्या कडेला असते. मोटरला साधारणपणे चार-पाच वायरी येतात. एक मंद गतीची, एक जलद गतीची, एक अर्थची आणि उरलेल्या हात आपल्या जागी आणून ठेवण्यासाठी. स्विच मंद गतीवर ठेवा, प्लग जोडलेलाच राहू द्या आणि मागच्या बाजूने टोक एकेका वायरीला लावून पाहा. गती बदलली की कोणत्या वायरीत वीज येते, यावरून वायरींची ओळख पटते.

स्विच चालू असूनही मोटरच्या प्लगवर वीज आलीच नाही, तर दोष स्विच, रिले किंवा मधल्या वायरीत आहे. स्विचच्या प्लगवर हाच प्रयोग करा. तिथे वीज आत जाते आणि बाहेर येत नाही, तर स्विच गेला. बाहेर येते आणि मोटरपर्यंत पोचत नाही, तर वायर तुटली किंवा मधला जोड सुटला.

मोटरपर्यंत वीज आली आहे आणि मोटर गप्प आहे, तर दोनच शक्यता उरतात: मोटर तरी, नाही तर अर्थ. इथेच लोक घाई करतात. वीज येते म्हणजे मोटर गेली, असे ठरवून नवी मोटर आणतात. थांबा. चांगल्या जाड वायरीचा एक तुकडा घ्या. त्याचे एक टोक मोटरच्या अर्थच्या वायरीला किंवा तिच्या धातूच्या अंगाला, दुसरे टोक थेट बॅटरीच्या मायनसला लावा. वायर प्लसला चुकूनही लागू देऊ नका. आता वायपर फिरू लागला तर मोटर धडधाकट आहे आणि परतीची वाट तुटलेली आहे. तेवढ्यासाठी नवी मोटर लागत नाही. लागतो तो काचपेपराचा तुकडा.

एका डोंगराळ तालुक्यातील गोष्ट सांगतो. गावात जीप एकच. सकाळी ती मुलांना हायस्कुलात नेई आणि अडीअडचणीला दवाखान्याची वाट धरी. आषाढात तिचा वायपर रेंगाळू लागला आणि एक दिवस थांबला. तालुक्याच्या गॅरेजात नवी मोटर बसवली. पंधरा दिवस वायपर छान चालला. सोळाव्या दिवशी पुन्हा थांबला. मग स्विच बदलला. काही फरक नाही. जीपवाला अगदी हवालदिल झाला. शाळेत विज्ञान शिकवणारे गुरुजी त्याच जीपने जात. ते म्हणाले, "दादा, नवी मोटर पंधरा दिवस चालली ना? मग ती का चालली, हे आधी बघूया."

त्यांनी आता सांगितली तशी एक जाड वायर लावली आणि वायपर फिरू लागला. मोटर ज्या बोल्टांनी पत्र्याला आवळली होती, त्या बोल्टांखाली गंज धरला होता. नवी मोटर बसवताना बोल्ट काढले-घातले, त्यात थोडा गंज खरवडला गेला. म्हणून पंधरा दिवस बरे वाटले. पावसाचे पाणी मुरले आणि गंज पुन्हा चढला. काचपेपराने तो पत्रा चकचकीत घासला, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले आणि दुखणे गेले. खर्च म्हणाल तर काचपेपराचा. जुनी मोटरही चांगलीच होती, पण ती गॅरेजात राहिली होती.

या गोष्टीत शिक्षक बंधुभगिनींनी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते. गंजलेल्या जोडावर टेस्ट लँप लावला असता तर तो पेटला असता का? उत्तर असे, की बहुधा झकास पेटला असता! आणि त्याने आपल्याला फसवले असते. असे का व्हावे?

थोडे गणित करू. ढोबळ हिशेबासाठी समजा, मोटर बारा व्होल्टवर चार अँपिअर घेते; म्हणजे तिचा रोध तीन ओहम झाला. गंजलेल्या जोडाचा रोध एक ओहम धरा. दोन्ही मिळून चार ओहम. आता प्रवाह झाला तीन अँपिअर. त्यातले तीन व्होल्ट त्या गंजातच खर्च झाले आणि मोटरला मिळाले नऊ. मोटर रेंगाळणारच. आता मोटरच्या जागी पाच वॅटचा बल्ब धरा. त्याचा रोध जवळजवळ एकोणतीस ओहम असतो. त्याच्यापुढे एक ओहमचा गंज म्हणजे हत्तीपुढे कोकरू. बल्बाला साडेअकरा व्होल्टांच्या वर दाब मिळतो आणि तो आनंदाने पेटतो. बारीक धार मागणाऱ्याला अर्धवट बुजलेला पाटही पुरतो. मोट ओतली की तो तुंबतो.

म्हणून शहाणा कारागीर दोन बल्ब बाळगतो. एक पाच वॅटचा आणि एक इंडिकेटरचा, एकवीस वॅटचा. मोठा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. वाटेत गंज असेल तर तो मंद पेटून लगेच चुगली करतो. मल्टिमीटर असेल तर आणखी बरे. वायपर चालू ठेवून मोटरचे अंग आणि बॅटरीचे मायनस टोक यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. काटा शून्याच्या जवळ असला पाहिजे. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला तर परतीच्या वाटेत खोट आहे. हे मोजमाप मोटर चालू असताना किंवा निदान कण्हत असतानाच करायचे असते. प्रवाहच वाहात नसेल तर दाब गळणार कोठून? आणखी एक सोपी खूण: गंजलेल्या जोडात गळलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. काही मिनिटे वायपर चालवून प्लगला हात लावा. जो जोड गरम लागेल, तोच चोर.

रोध, दाब आणि प्रवाह यांचा हा संबंध ज्यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला, ते गेऑर्ग ओहम जर्मनीत कलोन येथे शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असत. तेव्हा गुरुजींनी जीप दुरुस्त केली यात नवल मानण्याचे कारण नाही. हा वारसा त्यांच्याच पेशाचा आहे!

अर्थ चांगला, वीज येते, तरी मोटर गप्प असेल, तर मात्र दोष मोटरचा. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने तिच्या अंगावर हलकेच टिचकी मारून पाहा. ती चालू झाली तर आतले कार्बन झिजले आहेत असे समजा. हे कार्बन फिरत्या भागाला वीज पोचवतात. टिचकी हा उपाय नव्हे. ती फक्त खूण आहे. पुढच्या पावसाआधी कार्बन बदलले पाहिजेत, आणि ते मिळत नसतील तर मोटर.

पुष्कळ मोटरींत असे तीन कार्बन असतात. एक सामाईक, एक मंद गतीचा आणि एक जलद गतीचा. यावरून एक रोग लगेच उमगतो. जलद गती चालते आणि मंद चालत नाही, किंवा याच्या उलट, तर बॅटरी, फ्यूज आणि अर्थ या तिघांना सोडून द्या. ती वाट दोन्ही गतींना सारखीच आहे. बंद पडलेल्या गतीच्या वायरीत प्लगवर वीज येते का, तेवढे पाहा. येते तर तो कार्बन. येत नाही तर स्विच किंवा ती वायर.

आता थांबण्याचे रोग. स्विच बंद केला की वायपर काचेच्या मध्येच उभा राहतो, खाली येऊन बसत नाही. चांगल्या वायपरमध्ये स्विच बंद केल्यावरही एका वेगळ्या वायरीने मोटरला थोडा वेळ वीज मिळत राहते. हात खाली पोचले की मोटरच्या गिअरवरचा एक लहान संपर्क ती वीज तोडतो. हात मध्येच थांबत असतील तर ती वायर किंवा तो संपर्क यांत दोष आहे. याच्या उलट स्विच बंद करूनही वायपर थांबतच नसेल, तर तो संपर्क किंवा रिले चिकटून बसला आहे. दोन्ही वेळा मोटर आपले काम नीट करते आहे हे विसरू नका.

रिमझिम पावसासाठी थांबून थांबून चालणारी एक गती असते. ती मोटारीत आणण्यासाठी अमेरिकन अभियंते रॉबर्ट कर्न्स यांनी इलेक्ट्रॉनिक रचना केली. तिचे पेटंट १९६७ साली त्यांना मिळाले. त्या पेटंटावरून मोठ्या मोटार कंपन्यांशी त्यांचे खटलेही झाले. केवळ एवढीच गती बंद असेल आणि बाकी दोन चालत असतील, तर दोष त्या रिलेच्या डबीत किंवा तिच्या वायरीत शोधावा. स्विच लावल्यावर रिलेतून ठराविक वेळाने "टक" असा आवाज येतो का, ते ऐकावे.

आणखी एक चमत्कारिक दुखणे पाहा. वायपर दहा-पंधरा मिनिटे चालतो, मग थांबतो, आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. यात भुताटकी काही नाही. काही मोटरींत तापल्यावर वीज तोडणारा एक संपर्क असतो. मोटर निवली की तो जुळतो. अशा वेळी मोटर का तापली, हे विचारावे. लिंकचे सांधे गंजले असतील, रबर काचेला चिकटत असेल, किंवा काचेच्या बुडाच्या पन्हाळीत पालापाचोळा आणि चिखल साचला असेल. लिंक सोडवून मोटर एकटी चालवून पाहिली तर खरा गुन्हेगार कोण ते कळते. त्या पन्हाळीतले पाणी जायची भोके दरवर्षी साफ करावीत. ती बुजली की पाणी मोटरवर साचते, आणि आपण आतापर्यंत पाहिलेल्या निम्म्या रोगांचे मूळ तेच आहे.

एक सावधगिरीची सूचना. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत वायपरचा स्विच मोटरला थेट वीज देत नाही. तो एका संगणकासारख्या डबीला नुसती खूण करतो आणि ती डबी मोटर चालवते. पाऊस ओळखणारा डोळाही काहींत असतो. तेथे बल्बाचे टोक हवे तिथे खुपसू नये. त्या नाजूक डबीला अपाय होऊ शकतो. फ्यूज, मोटरचा प्लग आणि अर्थ एवढे मल्टिमीटरने पाहावे आणि पुढचे काम जाणकारावर सोपवावे. पण त्यालाही आपण काय पाहिले आणि काय आढळले, हे सांगता आले पाहिजे. "वायपर चालत नाही" असे म्हणणे वेगळे, आणि "फ्यूज चांगला आहे, मोटरपर्यंत वीज येते, अर्थ तपासला आहे" असे म्हणणे वेगळे. दुसरे वाक्य बोलणाऱ्या गिऱ्हाईकाच्या गळ्यात कोणी नको ती मोटर मारत नाही.

शिक्षकांसाठी एक सुचवतो. एका फळीवर टॉर्चचे चार सेल, खेळण्यातली लहान मोटर, एक स्विच आणि पत्र्याची एक पट्टी परतीच्या वाटेसाठी बसवा. मग मुलांच्या पाठीमागे एका जोडात कागदाचा कपटा सरकवा, किंवा एक स्क्रू सैल करा. मुलांना टॉर्चचा बल्ब द्या आणि दोष शोधायला सांगा. अट एकच. बल्ब टेकवण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे: पेटला तर काय समजायचे, आणि नाही पेटला तर काय. जो मुलगा किंवा मुलगी हे सांगू शकते, तिला परिपथ समजला. नुसती व्याख्या पाठ करून ते होत नाही.

शेवटी, घाटात वायपर थांबलाच तर काय? दुरुस्तीची घाई करू नका. दिवे आणि इंडिकेटर लावा, वेग कमी करा, आणि वळण व दरडीची जागा टाळून गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. जुने ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळत असत. त्याने पाणी थेंबाथेंबाने न राहता पसरते आणि थोडे दिसते. ही युक्ती जवळच्या आसऱ्यापर्यंत पोचण्यापुरती आहे. घाट उतरण्यासाठी नाही. मग पाऊस ओसरला की फ्यूज पाहा, मोटरवर टिचकी मारून पाहा, आणि जाड वायर जवळ असेल तर अर्थ जोडून पाहा. ही वायर आणि दोन जादा फ्यूज गाडीच्या कप्प्यात नेहमी असावेत.

पण हे सगळे घाटात भिजत करण्यापेक्षा रोहिणी नक्षत्रात, कोरड्या अंगणात करणे बरे. एक सकाळ पुरते. काच ओली करा, तिन्ही गती चालवा, हात आपल्या जागी येऊन बसतात का ते पाहा, प्लग गरम लागतो का ते चाचपा, अर्थचा बोल्ट काढून पत्रा घासा, पन्हाळ साफ करा. रबर कडक झाले असेल तर बदला. पाभरीचे फण बघता त्याच दिवशी हेही बघून टाका.